टेलपर्यंत पाणी: मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वयाबरोबर कशा बदलतात

बाबांना न्हाणीघरातून बाहेर येताना चक्कर आली म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टमध्ये गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता, मोठा झटका येऊन गेल्याची खूणही नव्हती. शेवटी मात्र एक ओळ होती: ‘पेरिव्हेंट्रिक्युलर आणि डीप व्हाइट मॅटरमध्ये फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड टू.’ बाहेर रांग मोठी होती. डॉक्टर म्हणाले, “वयोमानाप्रमाणे आहे. बीपीची गोळी चुकवू नका.”

आई ‘इस्केमिक’ या शब्दाने रात्रभर झोपली नाही. बाबांनी ‘वयोमानाप्रमाणे’ एवढंच ऐकलं आणि फाइल कपाटात ठेवून दिली.

साठीच्या पुढच्या माणसाचा एमआरआय काढला की ही ओळ बहुतेक वेळा असतेच. त्यानंतर घरात एक तर घबराट होते, नाही तर विषय तिथेच मिटतो. दोन्हींत नुकसान आहे, असं मला वाटतं. ही ओळ एका मोठ्या आणि संथ बदलाची बातमी असते. तो बदल रिपोर्टच्या वीस-तीस वर्षं आधी सुरू झालेला असतो आणि पुढे किती वेगाने जाईल हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

## आधी त्या ओळीचं मराठी

‘स्मॉल व्हेसल’ म्हणजे मेंदूच्या आतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या. ‘इस्केमिक’ म्हणजे रक्त कमी पडल्यामुळे झालेलं. ‘व्हाइट मॅटर’ हा मेंदूचा आतला पांढरा भाग. मेंदूच्या पेशींची मुख्य वस्ती बाहेरच्या करड्या सालीत असते, आणि त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा या पांढऱ्या भागातून जातात. तारांवर चरबीचं वेष्टण असतं, म्हणून तो पांढरा दिसतो. ‘फ्लेअर’ ही एमआरआयची एक पद्धत, आणि ‘हायपरइंटेन्सिटी’ म्हणजे स्कॅनवर जास्त उजळ दिसणारा ठिपका.

आता ओळ अशी वाचता येते: मेंदूच्या तारांच्या भागात, विशेषतः मधल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती, काही उजळ ठिपके आहेत, बारीक रक्तवाहिन्यांतून होणारा पुरवठा बरीच वर्षं कमी पडत आल्याच्या त्या खुणा दिसतात. फाझेकास ही ठिपक्यांची प्रत आहे, शून्य ते तीन. ऑस्ट्रियातले फ्रान्झ फाझेकास आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये सुचवली आणि आज आपल्याकडच्या स्कॅन सेंटरमध्येही तीच वापरतात.

## कालवा, चारी आणि टेल

मेंदूचं वजन साधारण एक किलो तीन-चारशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जातं. आणि त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. यकृतात, स्नायूंत साखरेचा साठा असतो. मेंदूचं हातावर पोट आहे. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

ही रक्तपुरवठ्याची रचना कालव्यासारखी आहे. मानेतून चार मोठ्या धमन्या वर येतात, दोन पुढून आणि दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना मिळून एक कडं तयार करतात. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. एक कालवा अडला तर दुसरीकडून पाणी वळवता यावं अशी ही सोय आहे. कड्यातून निघालेल्या धमन्या मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात. तिथून वितरिका, चाऱ्या, शेतचाऱ्या निघाव्यात तशा बारीक बारीक शाखा आत घुसतात.

सगळ्यांत शेवटी केशवाहिन्या. एका केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, सहा-सात भाग. रक्ताची तांबडी पेशी जवळपास तेवढीच असते, त्यामुळे पेशींना एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. मेंदूतल्या सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे मुंबईहून रस्त्याने पणजीला जाण्याइतकी. डोक्यातल्या कुठल्याही पेशीपासून सर्वांत जवळची केशवाहिनी एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर असते.

आता अडचणीची जागा. ज्यांच्याकडे कालव्याचं पाणी आहे त्यांना ‘टेल’ हा शब्द समजावून सांगायला नको. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला भरपूर, आणि शेवटच्या टोकाला असलेल्या शेताला उरलं तर. आवर्तन कमी दाबाने सुटलं की आधी टेलचं शेत सुकतं. मेंदूचंही टेल आहे: आतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग. तिथे रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या पृष्ठभागावरून निघून लांब अंतर कापत खाली येतात. वाटेत त्यांना दुसरीकडून येऊन मिळणारी चारी फारशी नसते. शिवाय पांढऱ्या भागाला मुळातच करड्या सालीपेक्षा कमी रक्त मिळतं.

दुसरी नाजूक जागा मेंदूच्या तळाशी, खोल गाभ्यात आहे. तिथे मोठ्या धमनीच्या अंगातून थेट, काटकोनात, बारीक फांद्या फुटतात. मोठ्या धमनीतला दाब हळूहळू कमी होत जायला वाव नसतो. तो तसाच एका बारीक नळीवर येतो. बंद पडली तर तिला पर्याय नाही. चालणं, हात हलवणं, शब्द जुळवणं यांच्या तारा नेमक्या याच गाभ्यातून दाटीवाटीने खाली उतरतात.

## पाटकरी कोण?

कालव्यावर पाटकरी असतो. कुणाची मागणी आहे, कुठलं दार किती उघडायचं, हे तो बघतो. मेंदूत हे काम बारीक धमन्यांच्या भिंतीतले स्नायू करतात. तुम्ही आत्ता वाचताय, तर डोक्याच्या मागच्या बाजूचा दृष्टीचा भाग काम करतोय. काही सेकंदांत तिथल्या वाहिन्या रुंदावल्या आहेत आणि जादा रक्त आलं आहे. केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशीही यात हातभार लावतात.

पाटकऱ्याचं दुसरं काम दाब सांभाळण्याचं. आपण आडवे असतो, उठतो, जिना चढतो, रागावतो. बीपी वरखाली होतं, पण मेंदूतला प्रवाह बऱ्यापैकी स्थिर राहतो. दाब वाढला की वाहिन्या आवळतात, कमी झाला की सैल होतात.

वय वाढतं तसे हे स्नायू क्षीण होतात. त्यांच्या जागी कोलॅजेन येतं, म्हणजे जखमेच्या वणात असतो तसला ताठर धागा. भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होते, आणि दार अर्धवट उघडं असताना गंजून बसावं तशी ती वाहिनी होते. मागणी आली तरी उघडत नाही, लोंढा आला तरी मिटत नाही. लोकांना वाटतं वाहिनीत ‘चरबी साचली’. हृदयाच्या किंवा मानेच्या मोठ्या धमन्यांत तसं होतं. इथे मुख्य बिघाड भिंतीचा आहे.

## हातोडा हृदयाजवळून येतो

या सगळ्याचं एक मोठं कारण मेंदूबाहेर आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी रबरासारखी असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, धक्का पोटात घेते आणि मग सावकाश आकसत रक्त पुढे ढकलते. त्यामुळे पुढच्या वाहिन्यांना झटके न बसता सलग धार मिळते. वयाबरोबर तिच्यातले लवचीक तंतू झिजतात आणि ती लोखंडी पाइपसारखी होते. मोटर सुरू करताना कडक पाइपलाइन कशी धडधडते ते ज्याने पाहिलंय त्याला लगेच कळेल. धक्का तसाच पुढे जातो.

इतर बहुतेक अवयवांकडे जाणाऱ्या वाहिन्या वाटेतच आवळलेल्या असतात, तिथे धक्का मोडतो. मेंदू आणि मूत्रपिंड यांना मात्र सतत भरपूर रक्त हवं असतं, म्हणून त्यांची दारं सदा उघडी. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. प्रत्येकाचा हातोडा थेट बारीक वाहिन्यांवर. म्हणूनच लघवीत प्रथिन जाणं आणि मेंदूत असे ठिपके असणं या गोष्टी अनेकदा एकाच माणसात सापडतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्याही याच जातीच्या आहेत. पडदा तपासताना डॉक्टरांना त्या शरीर न उघडता, साक्षात दिसतात.

बीपीबद्दल घरोघरी होणारा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. “वरचा १६५ आहे, पण खालचा ७० आहे ना, मग ठीक आहे.” ठीक नाही. धमन्या ताठर झाल्या की वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. दोहोंतलं अंतर वाढणं हीच हातोड्याची खूण आहे.

## गळती आणि निचरा

१८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. पुढच्या संशोधनातून कळलं की मेंदूतल्या वाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. रक्तातलं वाटेल ते आत येऊ देत नाहीत. याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. आपण त्याला मेंदूचा उंबरठा म्हणू. वय वाढतं तशी ही शिवण जागोजागी उसवते. रक्तातली प्रथिनं आणि पाणी थोडंथोडं आत झिरपतं, भोवतालच्या तारांच्या वेष्टणाला सूज येते, ते विरतं. एमआरआयवरचे उजळ ठिपके म्हणजे बऱ्याच अंशी हेच: तारांच्या भागात वाढलेलं पाणी आणि विरलेलं वेष्टण.

म्हणजे पांढरा ठिपका हा केवळ ‘सुकलेल्या’ शेताचा पुरावा नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. निचरा नसेल तर पाणी साचून जमीन क्षारपड होते. मेंदूतही निचऱ्याची बाजू बिघडते. पोकळ्यांभोवतीच्या बारीक शिरांच्या भिंती वयाबरोबर जाड होतात आणि काही जवळजवळ बुजतात. डिक्सन मूडी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते दाखवलं. तोवर सगळ्यांचं लक्ष आत येणाऱ्या रक्ताकडे होतं, बाहेर जाणाऱ्याकडे नाही.

वाहिन्यांभोवती एक अरुंद मोकळी जागा असते, तिच्यातून मेंदूतला कचरा वाहून जातो, असं माइकेन नेदरगार्ड यांच्या गटाने २०१२ पासून मांडलं. झोपेत ही सफाई वाढते असा उंदरांवरचा प्रयोग २०१३ मध्ये आला. झोपेबद्दलचे सगळे व्हिडिओ त्यावरच उभे आहेत. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाला उंदरांमध्येच उलट दिसलं, झोपेत सफाई कमी. तेव्हा हा वाद अजून चालू आहे. या मोकळ्या जागा म्हातारपणी रुंद होतात आणि स्कॅनवर दिसतात, एवढं मात्र नक्की.

केशवाहिन्याही वयाबरोबर विरळ होतात. काहींच्या आतल्या पेशी मरतात आणि मागे नुसता रिकामा धागा उरतो.

## मग हा आजार की म्हातारपण?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात आणि परिसरात ६० ते ९० वयाच्या १,०७७ लोकांचे स्कॅन काढले गेले. पांढऱ्या भागात एकही ठिपका नाही अशी माणसं निघाली फक्त पाच टक्के. तेव्हा एखाद-दुसरा ठिपका असणं म्हणजे केस पिकण्यासारखं आहे, त्याने झोप उडवून घेऊ नये. मायग्रेन असलेल्या तरुणांतही थोडे ठिपके दिसतात. ब-१२ ची कमतरता किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखी वेगळी कारणंही असतात, म्हणून ठिपके कुठे आणि कसे आहेत ते डॉक्टरांनीच बघायला हवं.

पण सगळे सारखेच पिकत नाहीत. एका सत्तरीतल्या माणसाला चार ठिपके असतात, दुसऱ्याचे ठिपके एकमेकांत मिसळून पोकळ्यांभोवती पट्टे झालेले असतात, म्हणजे ग्रेड थ्री. हा फरक कुठून येतो? काही आनुवंशिक आहे. बाकीच्यात रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा. मिलर फिशर हे न्यूरॉलॉजिस्ट बॉस्टनमध्ये मृतांच्या मेंदूचे एकापाठोपाठ एक पातळ काप काढून एकेक बारीक वाहिनी उगमापासून शेवटपर्यंत शोधत असत. एका वाहिनीसाठी शेकडो काप. १९६५ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाभ्यात आढळणाऱ्या छोट्या पोकळ्यांवर लिहिलं; त्यांना लॅक्यून म्हणतात, आकार तीन ते पंधरा मिलिमीटर. वाहिनी बुजून तिच्यापुढचा एवढासा भाग मेला की अशी पोकळी उरते. त्या माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना उच्च रक्तदाब होता.

केवळ वाहिन्या बिघडल्याने स्मृतिभ्रंश होऊ शकतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर कॅडासिल या दुर्मीळ आनुवंशिक आजाराने दिलं. १९९६ मध्ये त्याचं कारण सापडलं: एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या नॉच-थ्री या जनुकातला दोष. त्यामुळे बारीक धमन्यांचे स्नायू खराब होतात. उच्च रक्तदाब नसतानाही, बऱ्याच जणांना तिशी-चाळिशीत मायग्रेन, मग छोटे झटके, आणि पुढे विचारशक्ती ढासळणं. अल्झायमर नाही, वयही नाही, तरी चित्र हेच.

अल्झायमरबरोबर या बिघाडाची जोडी जमली तर काय होतं ते अमेरिकेतल्या नन्सच्या अभ्यासातून दिसलं. या जोगिणींनी मृत्यूनंतर मेंदू अभ्यासाला देण्याचं कबूल केलं होतं. १९९७ मध्ये १०२ मेंदूंवर आधारित निष्कर्ष आले. अल्झायमरच्या खुणा असूनही ज्यांच्या गाभ्यात लॅक्यून नव्हते, अशांपैकी बऱ्याच जणींची बुद्धी शेवटपर्यंत टिकली होती. ज्यांच्यात दोन्ही होतं, त्यांच्यापैकी बहुतेकींना स्मृतिभ्रंश होता. अल्झायमर रोखणं आज आपल्या हातात फारसं नाही. त्याची जोडी मोडणं पुष्कळ आहे.

बारीक वाहिन्यांच्या भिंतीत अल्झायमरचंच अमायलॉइड हे प्रथिन साचण्याचाही एक प्रकार आहे. त्यात वाहिन्या ठिसूळ होतात आणि मेंदूच्या बाहेरच्या भागात बारीक रक्तस्राव होतात.

## घरात हे कसं दिसतं

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आमच्या घरी चूक इथेच झाली.

आपल्याला वाटतं मेंदूचा म्हाताऱ्यांचा आजार म्हणजे विसरणं. बारीक वाहिन्यांचा बिघाड तसा येत नाही. तारा तुटक झाल्या की निरोप पोचतो, पण उशिरा पोचतो. माणसाला नावं आठवतात, जुने हिशेब आठवतात, नातवाचा वाढदिवस आठवतो; पण प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. दोन कामं एकदम जमत नाहीत. बँकेचा फॉर्म भरताना मध्येच गोंधळ होतो. पावलं छोटी होतात, पाय जमिनीला घासतात, वळताना तोल जातो. लघवीची घाई होते. आणि एक उदासीनता येते. रडणं नाही, दुःख नाही, नुसतं काही करावंसं न वाटणं.

बाबा आधीची दोन वर्षं असेच होत चालले होते. संध्याकाळी कट्ट्यावर जाणं बंद झालं. आम्ही म्हणायचो, “बाबा, पाय उचलून चाला ना.” “बाबा, ऐकू येत नाही का? तीनदा विचारलं.” आई म्हणायची, “हल्ली हट्टी झालेत, आळशी झालेत.” ते गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यालाही आम्ही हट्टच समजलो. रिपोर्ट वाचल्यानंतर मला कळलं की ते उत्तर शोधत होते आणि आम्ही त्यांना वेळच देत नव्हतो.

आता घरात एक गोष्ट पाळतो. प्रश्न एकच विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. आठ-दहा सेकंद फार लांब वाटतात. पण उत्तर येतं, आणि बरोबर येतं.

ही लक्षणं हळूहळू येतात. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं हे मात्र क्षणात होतं. तेव्हा ‘थोडं झोपून बघू’ म्हणायचं नाही, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायचं. मेंदूला रक्त न मिळाल्याने येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण चौथा हिस्सा या बारीक वाहिन्यांचा असतो.

## “बीपी आहे, पण मला काही त्रास नाही”

बीपीचा त्रास होत नाही, हीच त्याची अडचण आहे. लॅक्यूनसारख्या लहान इजाही बहुतेक वेळा न कळता होतात. जाणवणाऱ्या एका झटक्यामागे न जाणवलेल्या चार-पाच इजा असतात, असं अनेक ठिकाणच्या स्कॅनच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

बीपी कमी केल्याने मेंदू वाचतो का, याचं सर्वांत मोठं उत्तर अमेरिकेतल्या स्प्रिंट या चाचणीतून २०१९ मध्ये आलं. पन्नाशीच्या पुढची ९,३६१ माणसं, मधुमेह नसलेली. अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, अर्ध्यांचं १२० च्या खाली. १२० वाल्या गटात विचारशक्ती सौम्य प्रमाणात कमी होण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटलं. स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता. चाचणी लवकर थांबवावी लागली होती. ज्यांचे स्कॅन पुन्हा काढले, त्यांच्यात चारेक वर्षांत ठिपक्यांची वाढ १४० वाल्या गटात सरासरी १.४५ घनसेंटिमीटर, तर १२० वाल्या गटात ०.९२. वाढ थांबली नाही, पण मंदावली. बीपीवर एरवी मिळणाऱ्या साध्या गोळ्यांनी हे साधलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

## “या वयात बीपी इतकं उतरवलं तर चक्कर येणार नाही का?”

येऊ शकते, आणि ही भीती खरी आहे. त्याच चाचणीत १२० वाल्या गटात बीपी फार उतरणं, भोवळ येणं आणि मूत्रपिंडावर ताण येणं जास्त आढळलं. पाटकरी दमलेला असतो. उभं राहिल्यावर दाब पडला तर तो पटकन दार उघडू शकत नाही. म्हणून ऐंशीच्या, पडण्याचा धोका असलेल्या, अनेक गोळ्या घेणाऱ्या माणसाचं लक्ष्य पन्नाशीतल्या माणसाइतकं कडक नसतं. ते डॉक्टरांनी माणूस बघून ठरवायचं. आपण करायचं ते इतकंच, की गोळी मनाने बंद करायची नाही आणि मनाने दुप्पटही करायची नाही. बाबांची न्हाणीघरातली चक्कर उभं राहिल्यावर बीपी पडल्याचीच निघाली. गोळ्यांची वेळ बदलल्यावर ती थांबली.

खरी संधी त्याच्या कितीतरी आधी असते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा पन्नाशीला वरचं बीपी १३० किंवा जास्त असणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. साठी-सत्तरीतल्या मापनांशी तसा संबंध दिसला नाही. भारतात ३१ कोटींहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आणि सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये दिला. यातले कितीतरी जण चाळिशीत आहेत, आणि कट्ट्यावर म्हणतात की गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर लागते. म्हणून ते सुरूच करत नाहीत. वाहिन्यांना मात्र ती वर्षं मोजावी लागतात.

## “रक्त पातळ करण्याची गोळी घेऊ का?”

रिपोर्ट हातात आला की मेडिकलमधून अॅस्पिरिन आणणारे लोक मी पाहिले आहेत. ज्यांना झटका येऊन गेलाय, त्यांना डॉक्टर अशी गोळी देतात, ते योग्यच आहे. पण नुसते ठिपके आहेत म्हणून ती घेण्यात फायदा दिसलेला नाही. बिघाड भिंतीचा आहे, आणि ठिसूळ भिंतीत रक्तस्रावाचा धोका या गोळीने वाढतो. लॅक्यूनमुळे झटका आलेल्या ३,०२० लोकांना एकाऐवजी दोन गोळ्या देऊन पाहिल्या. २०१२ मध्ये निकाल आला. झटके विशेष कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू वाढले.

मेंदूची टॉनिकं, ‘नसा मोकळ्या करणारे’ काढे आणि कॅप्सूल यांबद्दल एवढंच सांगता येईल, की या बिघाडावर त्यांचा उपयोग कुणी दाखवून दिलेला नाही. उपयोगी ठरू शकतील अशी औषधं तपासली जात आहेत. ब्रिटनमध्ये हृदयविकारावरचं आयसोसॉर्बाइड आणि पायांच्या धमन्यांच्या विकारावरचं सिलोस्टाझॉल ही जुनी औषधं ३६३ रुग्णांवर वापरून पाहिली, २०२३ मधला निकाल आशादायक होता, पण चाचणी लहान होती.

## “असलेले ठिपके जातात का?”

काही जणांत काही ठिपके पुढच्या स्कॅनमध्ये फिके झालेले दिसले आहेत, कारण त्यात साचलेलं पाणी हा एक भाग असतो. मेलेल्या भागाची पोकळी मात्र भरत नाही. त्यामुळे दरवर्षी एमआरआय काढून ठिपके मोजण्यात अर्थ नाही. लक्षणं बदलली तरच पुन्हा स्कॅन.

मोजायचं ते बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिन. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ठेचा सगळं आलं. आपल्याकडे भाजी अळणी करतात आणि वर खारातली मिरची घेतात. विडी-सिगारेट सुटायला हवीच, पण घरातल्या मोठ्या बायकांच्या मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही. तिच्यातलं निकोटिनही वाहिन्या आवळतं आणि बीपी वाढवतं. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, रात्रीचं बीपी त्यानेही चढतं. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि बीपी-साखरेवर देखरेख असं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची विचारशक्ती तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारली. २०१५ मधला हा निकाल आहे, आणि त्यातली माणसं सत्तरीकडे झुकलेली होती, हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं.

बीपी मोजायचं तर नीट मोजावं. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या उंचीवर. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजावं. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त पडत असेल तर डॉक्टरांना सांगावं. आमच्याकडे हे आकडे आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी: बसून एक, उभं राहून एक. पुढच्या खेपेला आम्ही ते पानच डॉक्टरांसमोर ठेवलं. रांग तेवढीच मोठी होती, पण त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बाबांना पहिला प्रश्न विचारला. मग आम्ही सगळे थांबलो.